बॅनरची वाकळ

निवडणूक आली की आमच्या वस्तीवरच्या बायका उमेदवाराच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत, त्याच्या बॅनरच्या कापडाकडं बघायच्या. तेव्हा फ्लेक्स नव्हते. इंदापूरचा पेंटर पांढऱ्या मांजरपाटावर ऑइलपेंटनं ठसठशीत अक्षरं काढायचा आणि ते कापड दोन बाभळींच्या मध्ये नाहीतर देवळाच्या खांबांना ताणून बांधलं जायचं. आमच्या शेजारची ठकूमामी पाण्याला जाता जाता काखेत हंडा धरूनच थांबायची, बॅनरचा लोंबता कोपरा चिमटीत धरून चोळून बघायची आणि तिथंच निकाल द्यायची, "ह्येचं कापड लय विरळ हाय. ह्यो पडणार." तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. मतमोजणी संपली की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे बॅनर आमच्याच घरात यायचे, कारण निकालानंतर ते सोडून आणायचं काम माझ्या वडिलांकडं, तात्यांकडं असायचं. हरलेल्याचे बॅनर तर त्याची माणसं न्यायलाही येत नसत. मग वस्तीवरच्या बायकांत वाटणी व्हायची. लहान पोरांना झबली, दळणाला पिशव्या, आणि उरलेल्याची वाकळ.

वाकळ आता शहरात दुकानात काचेमागं ठेवतात, म्हणून सांगते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर-खाली जरा धड कापड घालायचं आणि चारी बाजूंनी बायकांनी बसून बारीक टाके घालत मध्याकडं यायचं. थंडीत पांघरायची, उन्हाळ्यात अंथरायची. बॅनरचं कापड वाकळेला फार चांगलं, पण त्यावरची अक्षरं घालवायला लागायची. काहिलीत पाणी उकळून त्यात मूठभर सोडा टाकायचा, कापड रात्रभर भिजत घालायचं, सकाळी दगडावर बडवायचं, परत उकळायचं. असं तीनचारदा केलं की उमेदवाराचं नाव फिकट होत होत नुसता डाग उरायचा. तो डाग आतल्या बाजूला घालायचा, ही रीत. मी लहानपणी अशा कितीतरी पुढाऱ्यांच्या उबेत झोपले असेन, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

आमची वस्ती वरकुट्याच्या शिवारात, माळावर. आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. पुढं चरायला रानं उरली नाहीत तशी ती विकली आणि तात्या भवानीनगरच्या कारखान्यात सीझनल कामगार म्हणून लागले. गाळप सुरू झालं की ते तिकडंच राहायचे, सुट्टीच्या पाळीला सायकलीवर घरी यायचे, आणि त्यांच्या कपड्यांना मळीचा गोडूस आंबट वास यायचा. मला तो वास फार आवडायचा. घरात आई, मी आणि दोन लहान भाऊ. खाणं साधंच, सकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी हुलग्याचं माडगं, आणि तात्या आले की शेंगोळी. आईच्या हातची शेंगोळी खाल्लेल्या माणसानं दुसरीकडं कुठं ती मागू नये, एवढंच म्हणते. आजही मी हुलग्याचं पीठ आणते, लसूण तसाच ठेचते, तसंच वळते, आणि ती तशी होत नाही.

घरात सगळं होतं, पाणी नव्हतं. पाणी खाली ओढ्याकाठच्या विहिरीला. रिकामे हंडे घेऊन उतरायचं आणि भरलेले घेऊन चढायचं. पहाटे वस्तीला जाग यायची ती रिकाम्या हंड्यांच्या आवाजानं. कोणाच्या काखेतली कळशी कोणाच्या हंड्याला लागायची, कोणीतरी सुनेला हाक मारायचं, कोणीतरी हसायचं. उतरताना बायका बोलायच्या. चढताना बोलायच्या नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. पुरुषांनी पाणी आणायचं नसतं हा तर जणू कायदाच होता, कुठं लिहून ठेवला होता देव जाणे. एका वर्षी आईच्या कमरेत काहीतरी सरकलं. इंदापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही, उचलाल तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. आईला याचं दुःख कमरेपेक्षा जास्त झालं. आमच्या घरी आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना. मग आईच्या वाटचं पाणी माझ्याकडं आलं.

मी तेव्हा दहावीला होते. अभ्यासात बरी होते; बरी म्हणजे मास्तर घरी येऊन सांगतील इतकी बरी. आमच्या बाई म्हणायच्या, शालनला बारामतीला पाठवा, तिथं मुलींचं होस्टेल आहे, कॉलेज चांगलं आहे. कॉलेज इंदापुरातही होतं, पण घरी राहून शिकायचं म्हणजे पाणी आधी आणि कॉलेज मागून, हे मला त्या वयातही कळत होतं. मला बारामतीच पाहिजे होती. तात्या वाईट माणूस नव्हते, शिक्षणाच्या विरोधात तर अजिबात नव्हते. त्यांनी सरळ प्रश्न विचारला, "ही गेल्यावर घरात पानी कोण आननार?" त्यांनीच मग उत्तर काढलं, "दिनकररावांनी नळाचं सांगितलंय. नळ येऊ दे, मग जाईल बारामतीला." म्हणजे माझं कॉलेज नळाला बांधलं गेलं आणि नळ दिनकररावांना.

दिनकरराव आमच्या गटातले झेडपीचे मेंबर. तात्या त्यांचे कार्यकर्ते. कार्यकर्ते म्हणजे भिंती रंगवायच्या, बॅनर बांधायचे, जीपच्या मागं उभं राहून घोषणा द्यायच्या आणि पुढाऱ्यानं खांद्यावर हात ठेवला की महिनाभर खुशीत राहायचं. त्या वर्षीच्या निवडणुकीतही दिनकरराव निवडून आले. त्यांच्या बॅनरवर होतं, 'वाडी-वस्तीवर नळ, दिनकररावांचा शब्द अटळ.' त्यांच्याविरुद्ध उभे राहून पडलेल्या गृहस्थांच्या बॅनरवर होतं, 'माता-भगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारच.' दोघांचंही पाणी आमच्या घरात येऊन पडलं, घड्या घालून, कणगीवर.

उन्हाळा चढला तशी विहीर आटली. एक बाई हंडा भरायची आणि बाकीच्या झरा भरायची वाट बघत बसायच्या. अशात वाकळ शिवायला घ्यायची वेळ आली, कारण हे काम उन्हाळ्यातच होतं. रानात काम नसतं, दुपार मोठी असते. आमच्या दारातल्या लिंबाखाली बायका जमल्या, आईनं बॅनर काढून दिले आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की अक्षरं घालवायला पाणी लागतं. काहीलभर उकळतं पाणी, तेही तीनचारदा. प्यायला पुरत नव्हतं तिथं पुढाऱ्याचं नाव कशानं धुवायचं! ठकूमामीनं बॅनर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला म्हणाली, "शालन, वाच गं जरा, काय लिवलंय ते तरी कळू दे."

मी वाचलं. आधी दिनकररावांचं, मग पडलेल्यांचं. आणि हसणं सुटलं ते थांबेचना. नळाची अक्षरं घालवायला पाणी नव्हतं. ठकूमामी डोळे पुसत म्हणाली, "आगं बया, एवढी वर्सं आपुन ह्यांचा नळ उकळून उकळून घालवला व्हय!" दुसरी म्हणाली, "बोलाचीच कढी आन बोलाचाच भात. वाडा दोन दोन पळी." हसता हसता एकजणीला ठसका लागला आणि तिला पाणी द्यायला मी उठले, तर तिनं हातानंच नको म्हटलं. रांजणात किती आहे ते तिला दिसत होतं.

"अक्षरं आत घालून शिवू," कोणीतरी म्हणालं. "आतनं कुणाला दिसत्यात?"

आई छपरीत घोंगडीवर आडवी होती. ती कमी बोलणारी बाई. तिथूनच म्हणाली, "वर ठिवा."

"वर? आन लोक काय म्हणतील?"

"आजवर आपुन आत घातली. आता ज्याला वाचता येतंय, त्यो वाचंल." एवढंच म्हणून तिनं कूस बदलली. मला ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, कारण माझ्या आईनं तिच्या आयुष्यात कोणाला काही वर ठेवायला सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. 'नळ' आणि 'अटळ' मधोमध आले. हंडा उतरवणारे गृहस्थ दोन बाजूंना विभागले गेले. ऑइलपेंटमध्ये सुई शिरत नव्हती. बायकांची बोटं सोलून निघत होती, तरी शिव्या देत देत टाके पडत होते. काठाला लावायला कापड कमी पडलं. तेव्हा ठकूमामीनं डोक्यावरची चुंबळ काढली, म्हणजे हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची वेटोळी गादी. तिनं ती उकलली, झटकली आणि काठाला लावून बघितली. जुन्या लुगड्याचा तुकडा, मध्ये विरून जाळी झालेला, भोवती हंड्याच्या बुडाचा गोल डाग, पाण्याचा आणि गंजाचा. ती म्हणाली, "ह्येच लावू. उद्या दुसरी वळीन." दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपापली जुनी चुंबळ आणली. आईनंही दिली. तिची चुंबळ आता तिला लागणार नव्हती. चारी काठांनी त्या चुंबळी लागल्या, डागांसकट.

मी आता कापडावरच काम करते. माझी कापडं भिंतीवर टांगतात, त्यांना राजकीय वस्त्रकला म्हणतात, आणि उद्घाटनाला कोणी ना कोणी येऊन विचारतं की कापडातून प्रतिकार करायची कल्पना तुम्हाला कुठून सुचली. मी त्यांना ही गोष्ट सांगते तेव्हा ते भारावतात आणि त्या बायकांच्या जाणिवेबद्दल बोलायला लागतात. जाणीव असेल, नाही कोण म्हणतं. पण त्या दुपारी मला दिसलं ते असं की बायकांना अंथरूण हवं होतं, पाणी नव्हतं, आणि त्यांना फार दिवसांनी पोट धरून हसायला मिळालं होतं. मी ठकूमामीला एकदा माझ्या प्रदर्शनाला नेलं होतं. तिनं सगळ्या भिंती नीट बघितल्या, एका कापडाचा कोपरा चिमटीत धरून चोळला आणि विचारलं, "पांघरायला चालतंय का?"

वाकळ पुरी झाली आणि गूळ-खोबरं वाटलं गेलं. आमच्याकडं रीत अशी की नवी वाकळ घरच्यांनी आधी वापरायची नाही. पहिल्यांदा ती पाहुण्याला अंथरायची, पाहुणा टेकला की मग ती घरची. आणि अंथरलेल्या वाकळेवर पाहुणा बसला नाही, तर त्यानं घर नाकारलं असा अर्थ. त्यामुळं ती घडी घालून आत ठेवली होती. त्या वर्षी ऊस उदंड होता, कारखान्याचा पट्टा, म्हणजे गाळपाचा हंगाम, लांबला होता, आणि तात्या मधूनअधून रात्रीपुरते यायचे. त्यांनी ती उकलून बघितलीच नाही. पट्टा पडला, गाळप संपलं, आणि तात्या घरी आले ते एक बातमी घेऊन. दिनकरराव निवडून आल्यापासून वस्त्यांवर फिरत होते, आमच्या वस्तीवर येणार होते आणि चहाला आमच्या घरी थांबणार होते. तात्यांच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट घडली नव्हती. त्यांनी दार सारवून घेतलं, कोणाकडून तरी कपबश्या आणल्या, मला म्हणाले, "तू पुढं ये. मी नळाचं काढतो आन तुझ्या कॉलेजाचं बी काढतो. पोरगी हुशार हाय म्हनलं की त्यो मानूस न्हाय म्हननार न्हाय."

जीप आली. दिनकरराव उतरले, मागून चारपाच माणसं. उंच, पांढरे कपडे, हसतमुख माणूस. नाव घेऊन हाक मारायची सवय. वस्तीवरचे पुरुष पुढं, बायका कुडाजवळ. तात्या आईला मोठ्यानं म्हणाले, "आगं, नवी वाकळ टाक की पाव्हण्यांना!"

आई दारात उभी होती, एक हात कमरेवर. म्हणाली, "नवीच टाकू?"

"मग काय फाटकी टाकती का? नवीच टाक."

"तुमी म्हनता म्हणून टाकते बघा," आई म्हणाली. तिनं आणि ठकूमामीनं वाकळ आणली, दोन टोकं धरली आणि लिंबाच्या सावलीत झटकून अंथरली.

पुढं काय झालं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. दिनकररावांनी एक चप्पल काढली होती, दुसरी पायात होती. त्यांनी खाली बघितलं आणि ते तसेच थांबले. 'वाडी-वस्तीवर नळ', लाल रंगात, त्यांच्याच पेंटरच्या हातचं. त्यांच्या एका माणसाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दिनकररावांना इकडं आड आणि तिकडं विहीर झालं होतं. बसावं तर आपल्याच शब्दावर बूड टेकायचं, न बसावं तर भर वस्तीत घर नाकारल्यासारखं.

"बसा की," ठकूमामी म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती, पाहुण्याशी बोलतात तसाच होता. "पाव्हण्यांसाठीच शिवलीया."

दिनकरराव वाकळेच्या कडेकडेनं एक फेरा चालले. सगळं वाचलं, पडलेल्या माणसाचंही वाचलं. मग काठाकडं बोट करून म्हणाले, "ह्ये गोल डाग कसलं?"

"चुंबळी हायत त्या. आमच्या डोईवरच्या."

"कुनाकुनाच्या?"

"आमच्या समद्यांच्या." मग ठकूमामीनं एकेका डागाशी वाकून नावं सांगितली. शेवटी म्हणाली, "आन ही ह्या घरच्या मालकिणीची. तिला आता हंडा उचलायची मनाई हाय. तिचं पानी ही पोरगी आनती." आणि तिनं मला पुढं ढकललं. माझ्यासाठी बोलायचं ठरवलेले तात्या खाली मान घालून कपबश्या मांडत होते.

दिनकरराव माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दुसरी चप्पलही काढली, वाकळेच्या बाहेर, अगदी काठाला लागून मातीत उकिडवे बसले आणि म्हणाले, "च्या आना." तो पांढऱ्या कपड्यांतला माणूस मातीत बसलेला बघून त्याची माणसंही गुपचूप खाली बसली. दिनकररावांनी चहा बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला. उठताना आईला हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, हिच्यावर बसायची माझी लायकी व्हईल तवा बसंन." नळाचं काही बोलले नाहीत. मंजुरी, बजेट, यंदा-पुढच्या साली, काहीच नाही. जीप गेली.

ते बोलणं खरं होतं की मुरलेल्या पुढाऱ्याची हुशारी होती, हे मी खूप वर्षं ठरवत राहिले. आता ठरवायचं सोडून दिलं आहे. तो माणूस मातीत बसला, आणि नंतर त्यानं तात्यांना कसलाही त्रास दिला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. तेवढं त्याचं देणं मी मान्य करते.

वस्तीवरच्या पुरुषांनी मात्र त्या संध्याकाळी तात्यांना फाडून खाल्लं. बायकांनी दारात आलेल्या पाहुण्याची अब्रू काढली, आता नळ कसला येतो, दिनकरराव आता इकडं तोंडही करणार नाहीत. तात्या कोणाला उलटून बोलले नाहीत. आईलाही बोलले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले. माझा निकाल लागला, मास्तर पेढे घेऊन आले, तेव्हा तात्यांनी पेढा हातात धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गुरुजी, पोरगी हुशार हाय, मला ठावं हाय. पन आता नळ येत न्हाय. आन नळ न्हाय तर बारामती न्हाय. हिची आई मोडून पडंल, त्ये मला जमनार न्हाय." त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला रडण्याशिवाय काही करता आलं नाही. मी विहिरीकडं गेले, एकटीच, आणि तिथं मनसोक्त रडून घेतलं. ठकूमामी पाठोपाठ आलेली मला कळलीच नाही. तिनं माझा हंडा भरून दिला आणि स्वतःचा भरायला वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन निघाले तर दारात ठकूमामी उभी. डोक्यावर भरलेला हंडा. ती थेट आत आली आणि आमच्या रांजणात ओतला. तिच्या मागं दुसरी होती. तिनं ओतला. मग तिसरी. रांजण गळ्यापर्यंत आला. तात्या चूळ भरत होते, ते तांब्या हातात धरून तसेच राहिले.

"ह्ये काय चाललंय?"

"शालनचं पानी हाय," ठकूमामी म्हणाली. पदरानं मान पुसत ती उंबऱ्यावर बसली. "आमी पाळ्या लावल्यात. ह्या घरचं पानी आमच्यातल्या बाया आनतील. तिला बारामतीला धाडा."

"आसं कुठवर आनाल?"

"नळ येईस्तवर."

"आन न्हाय आला तर?"

"तर काय? तुमी बॅनर बांधा, आमी पानी आनतो. आपापलं काम करू की तात्या."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बारामतीची यष्टी किती वाजता हाय?" मला माहीत होतं. मला महिन्यापासून पाठ होतं. पण माझ्याआधी ठकूमामीनंच सांगितलं.

मी बारामतीला गेले. नळ लगेच आला नाही. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. सुट्टीत घरी आले की मी हंडा घेऊन निघायचे आणि बायका मला हुसकून लावायच्या, "बस पुस्तक घिऊन, तुझी पाळी न्हाय." मला त्या पाळ्यांचा हिशेब कधी कोणी सांगितला नाही. कोणाची सून बाळंत असेल, कोणाला ताप असेल, कोणाच्या घरी पाहुणे असतील. आमचा रांजण रिकामा दिसला असं आईला आठवत नाही. होस्टेलवर सकाळी मी तोटी सोडायचे, बादली आपसूक भरायची, आणि मला त्या पाण्याकडं बघत उभं राहायची सवय लागली होती. माझ्यामागं रांगेत उभ्या मुली ओरडायच्या. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना पाइपलाइन आली. दिनकररावांनीच ती रेटली असं काही म्हणतात, दुसरे म्हणतात की ती आलीच असती. मी त्या वेळी परीक्षेत होते. आईनं सांगितलं की पहिल्या दिवशी नळाला पाणी येईना म्हणून तात्यांनी तोटी काढून फुंकली आणि पाणी त्यांच्या तोंडावर उडालं, तेव्हा वस्ती हसली.

मागच्या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेले होते. ठकूमामी आता थकली आहे. बाजेवर बसून असते, ऐकू कमी येतं, जीभ मात्र तशीच आहे. मी तिच्या पायाशी बसले. एवढी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. म्हटलं, मामी, तुम्ही सगळ्यांनी माझं पाणी आणलं म्हणून मी शिकले, हे मी कधी फेडू शकणार नाही. आणि मग उगाच, तिनं नाही म्हणावं म्हणून विचारलं, "लय जड गेला असंल न्हाय माझा हंडा?"

तिनं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"मग? हलका व्हता म्हणू का तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "लय जड व्हता. मान मोडायची पार. रोज तुला शिव्या घालत चढायचो आमी." मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "पर आनला का न्हाय?"